व्यंगचित्रातला शास्त्रज्ञ लोकांच्या मनात कसा घर करतो?

प्रश्न एका विज्ञान शिक्षिकेचा आहे. त्यांनी सहावीच्या वर्गाला ‘शास्त्रज्ञाचे चित्र काढा’ असे सांगितले, तेव्हा जवळजवळ सगळ्या मुलांनी पिंजारलेले केस, जाड भिंगांचा चष्मा, पांढरा कोट आणि हातात धूर सोडणारे शंकुपात्र असलेला म्हातारा काढला. हा टीव्हीवरच्या कार्टूनचा आणि वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रांचा परिणाम मानावा का, मानायचा झाल्यास शाळेने काय करावे, आणि स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यातून विसरभोळ्या प्राध्यापकाला रजा द्यावी का, असे त्यांनी विचारले आहे.

मुलांच्या विज्ञानविषयक मासिकांसाठी चित्रे काढणे, इतरांनी काढलेली चित्रे तपासणे आणि शिक्षकांच्या शिबिरांत याच विषयावर बोलणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून आधी थोडक्यात सांगतो. हा म्हातारा व्यंगचित्राने जन्माला घातलेला नाही, पण त्याला टिकवून ठेवण्याचे काम मात्र व्यंगचित्राने फार निष्ठेने केले आहे. शास्त्रज्ञाला हसल्यामुळे विज्ञानाचे नुकसान होते असेही मला वाटत नाही. विनोद जेव्हा शास्त्रज्ञाच्या दिसण्यावर टेकतो आणि त्याचे काम चित्राबाहेरच राहते, तेव्हा नुकसान होते. माझे पुढचे सगळे म्हणणे या एका भेदावर उभे आहे.

तुमच्या वर्गात जे दिसले ते जुनेच आहे. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड आणि त्यांच्या सहकारी रोडा मेट्रो यांनी अमेरिकेतल्या सुमारे ३५,००० शालेय विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलेल्या मजकुरांच्या आधारे १९५७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पुढे आलेला शास्त्रज्ञ म्हणजे पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत वावरणारा, चष्मा लावणारा, मध्यमवयीन किंवा वृद्ध पुरुष. पुढे डेव्हिड वेड चेंबर्स यांनी १९६६ ते १९७७ या काळात बालवर्गापासून पाचवीपर्यंतच्या मुलांची ४,८०७ चित्रे जमवली आणि १९८३ साली निष्कर्ष मांडले. कोट, चष्मा, दाढीमिशा, उपकरणे, पुस्तके, यंत्रे आणि ‘युरेका’सारखे उद्गार अशा खुणा त्यांनी प्रत्येक चित्रात शोधल्या. अगदी लहान मुलांच्या चित्रांत या खुणा फारशा नव्हत्या. दुसरी-तिसरीपासून त्या वाढत गेल्या. स्त्री शास्त्रज्ञ अवघ्या २८ चित्रांत होती, आणि ती सगळी चित्रे मुलींनी काढलेली होती.

२०१८ साली डेव्हिड मिलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अशा ७८ अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यांत वीस हजारांहून अधिक मुलांची चित्रे होती. स्त्री शास्त्रज्ञांचे प्रमाण एक टक्क्याच्याही खालून वाढत १९८० च्या दशकानंतर सरासरी २८ टक्क्यांवर आलेले दिसले. मला त्यातला वयाचा भाग अधिक बोलका वाटतो. सहा वर्षांच्या मुली काढत असलेल्या शास्त्रज्ञांपैकी दहातल्या सात स्त्रिया असतात; दहा-अकराच्या सुमारास पारडे फिरते, आणि सोळाव्या वर्षी त्याच वयोगटातल्या मुलींच्या चित्रांत चारांतले तीन शास्त्रज्ञ पुरुष असतात. तुमचा सहावीचा वर्ग नेमका या वळणावर उभा आहे.

मात्र या चित्रांतून काय मोजले जाते, याबद्दल सावध राहायला हवे. मुलाला पोस्टमन काढायला सांगा. ते खाकी गणवेश आणि खांद्यावर झोळी काढील, मग त्याच्या इमारतीत येणारा पोस्टमन रोज साध्या शर्टात का येईना. पाहणाऱ्याला ओळखू यावे म्हणून ते खूण काढते, तसाच माणूस प्रत्यक्षात असतो अशी त्याची खात्री असतेच असे नाही. म्हणून ‘मुलांना शास्त्रज्ञ वेडसर वाटतात’ असा निष्कर्ष एका चित्रावरून काढू नये. खूण मात्र त्याने कुठून तरी उचललेली असते, आणि खुणांचा सर्वांत मोठा पुरवठादार व्यंगचित्र आहे, हे नाकारता येत नाही.

व्यंगचित्रकाराची अडचण अशी असते की दोन कॉलमांच्या चौकटीत, वाचकाची नजर काही क्षण रेंगाळेल तेवढ्यात, हा माणूस कोण आहे हे त्याला सांगून टाकावे लागते. पोलिसाला टोपी, पुढाऱ्याला खादी, तसा शास्त्रज्ञाला कोट. टिनटिनच्या चित्रकथांतले प्राध्यापक कॅल्क्युलस हे याचे चांगले उदाहरण आहे. टिनटिनचे चित्रकार एर्जे यांनी ते पात्र ऑगस्त पिकार या स्विस भौतिकशास्त्रज्ञावरून घेतले. १९३१ साली बलूनमधून पंधरा किलोमीटरहून उंच गेलेला हा माणूस प्रत्यक्षात चांगलाच उंच होता. पण तसाच काढला तर चौकटी मोठ्या कराव्या लागतील, म्हणून एर्जे यांनी त्याला बुटका केला, असे त्यांनीच गमतीने सांगितले होते. पिकार यांचे धाडस, त्यांनी स्वतः रचलेली हवाबंद गोंडोला (बलूनखाली लटकणारी बसायची कुपी), वातावरणाच्या वरच्या थरांत घेतलेली मोजमापे यांतले फारच थोडे वाचकाच्या मनात उरते. उरतो तो बहिरेपणा, विसरभोळेपणा आणि हिरवा कोट. ते पात्र मला स्वतःला अतिशय प्रिय आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो.

आता थोडे मागे जाऊ, कारण खोड कुठे आहे ते जुन्या चित्रांत स्पष्ट दिसते. लंडनचा अर्कचित्रकार जेम्स गिलरे याने १८०२ च्या मे महिन्यात रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या एका व्याख्यानाचे चित्र काढले. हसवणाऱ्या वायूचा प्रयोग चालू आहे, वायू हुंगणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थांची विजार मागून फाटते आहे आणि शेजारी हातात भाता धरून तेविशीतला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही मिस्कीलपणे हसतो आहे. चित्र खट्याळ आहे, पण नीट पाहिले तर त्यात प्रयोग आहे, उपकरणे आहेत, आणि श्रोत्यांत टिपणे घेणाऱ्या स्त्रियाही आहेत. शास्त्रज्ञ तरुण आहे. म्हणजे दीडशे वर्षांनंतरच्या शाळकरी मुलांच्या कल्पनेपेक्षा हा टवाळ चित्रकार वस्तुस्थितीच्या अधिक जवळ होता.

त्याच गिलरेने १२ जून १८०२ रोजी एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने गाईंच्या गोस्तन देवी या रोगापासून तयार केलेल्या देवीच्या लसीवर चित्र प्रसिद्ध केले. लस टोचून घेतलेल्यांच्या नाकातून, दंडातून, कानातून छोट्या गाई फुटून बाहेर येत आहेत, एक पोऱ्या लशीची बादली धरून उभा आहे आणि भिंतीवर सोन्याच्या वासराची पूजा चाललेले चित्र टांगलेले आहे. इथे जेन्नर वेडा दाखवलेला नाही. तो शांतपणे सुई लावतो आहे. वेड आहे ते लसीच्या परिणामात. योगायोग असा, की हे चित्र लंडनमध्ये विक्रीला आल्यावर दोनच दिवसांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातले ते पहिले यशस्वी लसीकरण मानले जाते. एकीकडे लस समुद्रापार पोचून काम करू लागली होती आणि दुसरीकडे तिची भीती कागदावर उतरली होती. ते चित्र आजही लसविरोधाच्या चर्चेत हमखास पुढे येते. लसीमुळे जे झालेच नाही ते त्यात इतक्या ठसठशीतपणे दाखवले आहे, की पाहिल्यावर विसरणे अवघड जाते.

कामावरचा विनोद कसा असतो ते पाहायचे असेल, तर मी शिबिरांत नेहमी ‘पंच’ या इंग्रजी साप्ताहिकातले २१ जुलै १८५५ चे चित्र दाखवतो. त्या महिन्यात शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे लंडनच्या थेम्स नदीतून बोटीने जात होते. पाणी इतके गढूळ होते की त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे करून, ओले करून, ठिकठिकाणी पाण्यात सोडले. लख्ख ऊन असूनही इंचभर खाली जाण्याआधीच ते दिसेनासे झाले. ही नोंद त्यांनी पत्र लिहून ‘टाइम्स’ला कळवली. ‘पंच’च्या चित्रात फॅरेडे एका हाताने नाक दाबून, दुसऱ्या हाताने घाणीने माखलेल्या थेम्सबाबाला, म्हणजे माणसाच्या रूपात दाखवलेल्या नदीला, आपले कार्ड देत आहेत, आणि खाली आशा व्यक्त केली आहे की हा गलिच्छ गृहस्थ विद्वान प्राध्यापकांचा सल्ला घेईल. चित्रातले कार्ड म्हणजे प्रयोगातलेच कार्ड, तेच भेटकार्डही. विनोद कळायचा तर प्रयोग कळावा लागतो. फॅरेडे यांचे केस, कपडे, चेहरा यांवर एक रेषही खर्च केलेली नाही, तरी ते नाक दाबून उभे असल्यामुळे हास्यास्पदही झाले आहेत आणि मोठेही. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी पार्लमेंटला असह्य झाली आणि मग सांडपाण्याच्या नव्या गटारांचे काम मार्गी लागले. ते श्रेय व्यंगचित्राला देणे अतिशयोक्तीचे होईल; पण शास्त्रज्ञ हा शहराच्या प्रश्नात नाक खुपसणारा नागरिक असू शकतो, ही प्रतिमा त्या चित्राने लोकांपुढे ठेवली.

याच्या अगदी उलट डार्विनचे झाले. मानवाच्या उत्पत्तीवरचा त्यांचा ग्रंथ फेब्रुवारी १८७१ मध्ये आला आणि २२ मार्चला ‘हॉर्नेट’ या इंग्रजी नियतकालिकाने त्यांचे दाढीवाले मस्तक वानराच्या धडावर बसवून छापले. पुढे आलेल्या भुवया आणि छातीपर्यंतची दाढी अर्कचित्रकारांना आयतीच मिळाली होती. डार्विन स्वतः अशी चित्रे जमवून ठेवत, म्हणजे त्यांना त्यांचा राग नसावा. पण पुराव्याची वर्षानुवर्षे केलेली जुळवाजुळव, कबुतरांचे संकर, बार्नेकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या जीवावर घातलेली आठ वर्षे, यांतले काहीही त्या धडावर बसत नाही. ‘माकडाचा माणूस झाला’ एवढेच शिल्लक राहते, आणि ते चुकीचे आहे. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणीच पाहिलेला नाही असा आक्षेप घेतला आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना संयुक्त निवेदन काढावे लागले. तो आक्षेप डार्विनच्या सिद्धान्ताला लागूच होत नव्हता. व्यंगचित्रातल्या डार्विनला मात्र तंतोतंत लागू होत होता.

टीव्हीवरच्या ॲनिमेशनबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे तोच साचा वेगाने हलतो इतकेच. १९९६ पासून दाखवल्या गेलेल्या ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’ या मालिकेतला शास्त्रज्ञ लहान मुलगा आहे हे स्वागतार्ह. पण कोट आणि चष्मा सुटलेला नाही, प्रयोगशाळा गुप्त आहे, सहकारी कुणी नाही, आणि बहिणीच्या वाट्याला बटणे दाबून सगळे बिघडवणे आले आहे. सहा वर्षांची मुलगी स्वतःला शास्त्रज्ञ म्हणून काढते आणि अकराव्या वर्षी काढत नाही, या मधल्या काळात ती असेच काहीबाही रोज पाहत असते. एकटे कार्टूनच दोषी आहे असे मात्र नाही. पाठ्यपुस्तकांतली चित्रे, घरातले बोलणे आणि वर्गात प्रयोगाचे साहित्य कुणाच्या हाती दिले जाते, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला, त्यांनी तो झगडून मिळवला आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली, ही गोष्ट मराठी घरांत ठाऊक असते. पण चित्र काढायची वेळ आली की पेन्सिल त्यांच्याकडे वळत नाही, कारण त्यांची खूण कुणी तयार केलेली नाही.

आपल्याला थेट लागलेले व्यंगचित्र २०१४ चे. २४ सप्टेंबरला मंगळयान कक्षेत गेले आणि चारच दिवसांनी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने सिंगापूरचे व्यंगचित्रकार हेंग किम सोंग यांचे चित्र छापले. आत उच्चभ्रूंच्या अंतराळ क्लबात दोन गोरे गृहस्थ भारताच्या मोहिमेची बातमी वाचत बसले आहेत, आणि बाहेर फेटा बांधलेला शेतकरी गाय घेऊन दार ठोठावतो आहे. संतापाची लाट उठली आणि वृत्तपत्राने माफी मागितली. गायीवरून आणि फेट्यावरून झालेला संताप मी समजू शकतो, पण माझा आक्षेप वेगळा आहे. मंगळयानावरच्या चित्रात मंगळयान करणारा माणूसच नाही. दाराशी अभियंता नाही, कक्षेचे गणित करणारी बाई नाही. देशाची एक खूण उभी आहे, बस्स. याउलट १९८१ चे ते प्रसिद्ध छायाचित्र आठवा, ज्यात भारताचा ‘ॲपल’ नावाचा दळणवळण उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला आहे. बैल तिथेही आहेत. पण ती गाडी चाचणीसाठी मुद्दाम निवडली होती, कारण उघड्यावर, धातूचा अडथळा नसलेल्या मंचावर उपग्रहाची अँटेना तपासायची होती. कारण कळले की हसू येते आणि त्या हसण्यात आदर असतो.

हा साचा खोडून काढणारे चित्रही तपासूनच वापरावे लागते. मंगळयानाच्या यशानंतर रेशमी साड्या नेसून, केसांत गजरे माळून आनंद साजरा करणाऱ्या स्त्रियांचे छायाचित्र जगभर फिरले आणि ‘ह्याच त्या शास्त्रज्ञ’ असे सांगितले गेले. नंतर इस्रोने स्पष्ट केले की त्या प्रशासकीय कर्मचारी होत्या. मोहिमेवर रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ यांच्यासारख्या स्त्री शास्त्रज्ञ प्रत्यक्ष काम करीत होत्याच, पण त्या छायाचित्रात त्या नव्हत्या. साडी ही खूण झाली की तीही कोटासारखीच वागते.

चांगली उदाहरणे कमी नाहीत. अमेरिकी व्यंगचित्रकार सिडनी हॅरिस यांच्या एका हास्यचित्रात दोन गणिती फळ्यासमोर उभे आहेत. फळ्यावर दोन्ही बाजूंना समीकरणे आणि मधल्या पायरीवर लिहिले आहे, ‘इथे चमत्कार घडतो’. दुसरा म्हणतो, ही दुसरी पायरी जरा अधिक स्पष्ट करायला हवी. शास्त्रज्ञ एकमेकांचे काम कसे तपासतात हे याहून थोडक्यात सांगणारे पाठ्यपुस्तक मी वाचलेले नाही. आपल्याकडे शि. द. फडणीस यांनी शालेय गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रे काढली, तेव्हा विनोद गणिताच्या आशयातून काढला, गणितज्ञाच्या अवतारातून नव्हे.

एक प्रसंग आमच्या कामातला. कांद्याच्या साठवणुकीवरच्या लेखासाठी आलेल्या कच्च्या रेखाटनात चित्रकाराने शेताच्या मधोमध कोटधारी गृहस्थ उभा केला होता, हातात अर्थातच शंकुपात्र. आम्ही त्याला एक कांदाचाळ पाहून यायला सांगितले. दुसऱ्या चित्रात चाळीच्या फटीतून कांद्यांत तापमापक खोचून एक शास्त्रज्ञ बाई उकिडवी बसली आहे, शेतकऱ्याची आई कांदा नाकाशी नेऊन ‘हा सडणार’ म्हणते आहे, आणि बाई वहीत तारखेखाली तापमान लिहून पुढे नोंद करते आहे: ‘आजी: सडणार’. त्या चित्रावर मुलांनी विचारलेले प्रश्न कांद्याबद्दलचे होते. आजीचे बरोबर निघाले का, हा त्यांतला सर्वांत जास्त वेळा आलेला.

आता तुमच्या वर्गाबद्दल. काढलेली चित्रे चुकीची म्हणून परत करू नका आणि त्यांना गुणही देऊ नका. त्याच मुलांना दुसरे चित्र काढायला सांगा, पण विषय बदला: ‘कार्टूनमध्ये नसतो असा शास्त्रज्ञ’. चित्राखाली तीन ओळी लिहायला लावा. ही व्यक्ती कोणता प्रश्न सोडवते आहे, आत्ता या क्षणी हाताने काय करते आहे, आणि सोबत कोण आहे. तिसरी ओळ लिहिताना बहुतेक मुले अडखळतात, कारण शास्त्रज्ञाला सहकारी असतो हेच त्यांच्या डोक्यात नसते. तिथे थांबा आणि चर्चा तिथेच करा.

त्यानंतर जिवंत माणूस दाखवा. अमेरिकेतल्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेने सातवीच्या मुलांकडून भेटीआधी आणि भेटीनंतर चित्रे काढून घेतली होती. आधी कोट आणि चष्मे होते, नंतर जीन्स घातलेली, मुलेबाळे असलेली, गप्पा मारणारी साधी माणसे आली. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास दोन्हीकडे शाळांना येता येते. तिकडे मुलांना अँटेनाची उंची विचारू द्याच, पण तिथल्या माणसाला ‘गेल्या महिन्यात तुमचे काय फसले?’ असेही विचारायला शिकवून न्या. प्रवास जमत नसेल, तर तालुक्यातल्या कृषी विज्ञान केंद्रातले कुणीतरी किंवा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ वर्गात बोलवा. ते पुरते.

राहिला तुमच्या स्नेहसंमेलनातला विसरभोळा प्राध्यापक. त्याला काढू नका. मुलांना तो आवडतो आणि प्रेक्षकांनाही. फक्त त्याला प्रयोग द्या, तोही रंगमंचावर खरोखर करता येईल असा, आणि सोबत एक सहायक मुलगी द्या जी प्रत्येक वेळी निकाल वहीत उतरवते. पहिल्या प्रवेशात तो चष्मा शोधण्यात प्रयोग बिघडवील, लोक हसतील. दुसऱ्या प्रवेशात तिच्या वहीतल्या नोंदी पाहून दोघांनी तोच प्रयोग पुन्हा लावावा आणि तो प्रेक्षकांसमोर जमून दाखवावा. बेकिंग सोडा, व्हिनेगर आणि फुगा एवढ्यात काम होते. तालीम मात्र दोनतीनदा घ्या, कारण फुगा बाटलीच्या तोंडावर नीट चढवला नाही तर तो खरोखरच निसटतो.